किल्ली शेजाऱ्याकडे

"वृंदा, या बाईंना विचार, या सूपमध्ये कोण आहे?"

रिसबूड सर परदेशात 'काय आहे' असं विचारत नसत, 'कोण आहे' असंच विचारत. मी विचारलं. कॅन्टीनच्या बाईंनी डोक्यापाशी दोन बोटं वळवून शिंगं करून दाखवली. सरांनी वाडगा माझ्याकडे सरकवला आणि पावाला लोणी लावायला घेतलं. मी कोल्हापूरची. त्या मुक्कामात सरांच्या वाट्याला आलेली सगळी मेंढरं माझ्याच पोटात गेली.

समोर बसलेली इरेना एरवी या प्रकारावर खो खो हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"उद्या रविवार. बाबांनी तुम्हा दोघांना गावी जेवायला बोलावलंय," ती म्हणाली. "आणि सोमवारी मतदान आहे."

ही ब्याण्णव सालची गोष्ट. देशाचं नाव सांगत नाही, कारण तो एवढासा आहे की नाव घेतलं तर माणसंही लगेच ओळखू येतील. डोंगर, द्राक्षांचे मळे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा मेहुणा. तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली होती आणि नवी राज्यघटना लिहायचं काम चाललं होतं. सल्ला द्यायला कुठल्याशा संस्थेने चार देशांतून चार तज्ज्ञ धाडले, त्यात आमचे सर. सांगलीकडच्या एका लॉ कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले, राज्यघटना तोंडपाठ, चहाशिवाय कसलं व्यसन नाही. मी त्यांची दुभाषी. पुण्यात हौसेने रशियन शिकले, ट्रॅक्टरची माहितीपत्रकं मराठीत आणून पोट भरत होते, तेवढ्यात तिकडे सोव्हिएत युनियनच मोडीत निघालं. त्यामुळे हे काम आलं तेव्हा मी देश नकाशात कुठे आहे हेही विचारलं नाही. तिथे रशियन सगळ्यांना यायची. आवडायची कोणालाच नाही, पण आमच्यासमोर सगळे तीच बोलायचे.

घटना बहुतेक ठरत आली होती. संसद असेल, पंतप्रधान असेल, राष्ट्राध्यक्ष असेल. अडलं होतं एका कलमावर. राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करायची असेल किंवा आणीबाणी लावायची असेल, तर त्याची एकट्याची सही पुरे, की खाली पंतप्रधानाचीही हवी?

राष्ट्राध्यक्ष कोण होणार हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डॉक्टर लाझार. पेशाने जनावरांचे डॉक्टर, राजवटीविरुद्ध बोलले म्हणून कितीतरी वर्षं तुरुंगात काढलेले, सुटून आल्यावर ज्यांच्या मागे अख्खा देश चालत गेला ते. लोक त्यांचा फोटो घरात देवाच्या शेजारी लावायचे. समितीचं म्हणणं साधं होतं: एवढ्या चांगल्या माणसाचे हात कशाला बांधायचे? इरेना ही त्या लाझारांची एकुलती एक मुलगी. वकील आणि समितीची सचिव. दुसरी सही हवीच असं म्हणणारी समितीत ती जवळजवळ एकटी होती.

सरांनी आपल्या परीने जोर लावला होता. भारतात राष्ट्रपती आणि पंतप्रधान एका म्यानात कसे राहतात हे सांगताना त्यांनी थेट गणपती मंडळ काढलं.

"मंडळाला एक अध्यक्ष असतो आणि एक कार्याध्यक्ष. हार अध्यक्षाच्या गळ्यात, आणि मांडव कार्याध्यक्षाच्या डोक्यावर. सांग."

रशियनमध्ये मांडव आणि वर्गणी समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी एका सदस्याने विचारलं, "आणि अध्यक्षच म्हणाला मांडव मोडा, तर?"

"म्हणतो की! कोणी ऐकत नाही," सर म्हणाले.

सगळी समिती हसली. इरेना तेवढी गंभीर होती. "आमच्याकडे ऐकतील," ती म्हणाली. "माझे बाबा म्हणाले तर सगळे ऐकतील. हाच तर घोळ आहे."

नंतर जिन्यात तिने सरांना गाठलं. "खरं सांगा, दुसऱ्या सहीने तुमच्याकडे कधी कोण थांबलंय?"

सरांना एक सवय होती. अडचणीचं काही विचारलं की हात कोटाच्या आतल्या खिशाकडे जायचा आणि तिथलं काहीतरी चाचपायचा. पासपोर्ट असणार, असं मी धरून चालले होते.

"पंच्याहत्तर साली नाही थांबलं. कागद आला आणि सही झाली. म्हणूनच सांगतो, दुसरी सही करणारा पहिल्याच्या मर्जीतला असून भागत नाही."

तर असा तो सोमवार येऊन ठेपला होता आणि मध्ये फक्त एक जेवण उरलं होतं.

रविवारी इरेनाने आपल्या खटारा गाडीतून आम्हाला नेलं. वाटेत दुतर्फा द्राक्षमळे, आणि ती एकसारखी बोलत होती. घाबरलेली माणसं बोलतात तशी.

"आज मी बाबांना विचारणार. उद्या त्यांनी उभं राहून 'दुसरी सही असू द्या' एवढं म्हटलं की झालं. त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही. आणि नाही म्हणाले तर मी एकटी त्यांच्याविरुद्ध हात वर करीन. मग लोक मला काय म्हणतील ते म्हणोत. पण बाबा माझ्याशी बोलायचे बंद होतील. मला आता दुसरं कोणी नाही."

तिची आई नवरा तुरुंगात असतानाच गेली होती. ते सांगताना तिने गावातली एक रीत सांगितली. तिथे घरोघरी तळघरात वाइनचे रांजण पुरलेले असतात आणि तळघराच्या कुलपाची किल्ली घरात ठेवत नाहीत, शेजाऱ्याकडे ठेवतात. वाइन काढायची म्हणजे शेजाऱ्याला बोलावणं आलंच. तो किल्ली घेऊन येणार, उघडणार आणि जेवायलाही बसणार. एकट्याने प्यायली की ती वाइन राहत नाही, दारू होते, असं तिकडचे म्हातारे म्हणतात.

"मग तुमची किल्ली कोणाकडे?" मी विचारलं.

"प्रोकोपकडे. गावातला पक्षाचा सेक्रेटरी होता. त्याच्याच चुगलीवरून बाबांना पकडून नेलं."

"अगं बाई! आणि किल्ली त्याच्याकडेच?"

"शेजारी काय निवडता येतो? आई गेली त्या दिवशी रीतीप्रमाणे रांजण उघडायला हवा होता. त्याला बोलवायला कोणी गेलं नाही. तो आपणहून आला, कुलूप उघडलं, सगळ्यांना ओतून दिलं आणि मान खाली घालून शेवटच्या खुर्चीवर बसला. त्या दिवशी त्याच्याशी एक माणूस बोललं नाही. पण आईला रीतीने निरोप मिळाला."

सरांनी भाषांतर ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

लाझार फाटकातच उभे होते. आडदांड माणूस, पंजे खोऱ्याएवढे, आवाज मात्र आजारी वासराशी बोलावं तसा मऊ. मला पाहताक्षणी आवडले, खोटं कशाला बोलू. सरांसाठी त्यांनी भात भरलेल्या मिरच्या स्वतः रांधल्या होत्या. "यात कोणी नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. सरांची ख्याती गावापर्यंत पोचली होती.

टेबल मांडलं, आम्ही बसलो आणि लाझारांनी जाकिटाच्या खिशातून एक किल्ली काढली. पितळेची, कोरी, झळझळीत.

इरेनाच्या हातातला पाव हातातच राहिला. "ही कसली किल्ली?"

"तळघराची."

"कुलूप कधी बदललं?"

"गेल्या आठवड्यात. जुनं गंजलं होतं."

"बाबा."

"बरं, नव्हतं गंजलं. तोडलं." ते अजून हसत होते. "इरेना, अख्खा देश उद्या माझ्या हाती द्यायला निघालाय. आणि मी माझ्याच घरात, माझ्याच द्राक्षांच्या घोटासाठी त्या चुगलखोराच्या दारात उभं राहायचं? प्राध्यापक, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?"

मी भाषांतर केलं. मनात म्हटलं, काहीच चुकलं नाही. मी असते तर कुलपाबरोबर प्रोकोपचं टाळकंही फोडलं असतं.

लाझार खाली जाऊन सुरई भरून घेऊन आले. सगळ्यांना ओतलं. सरांपुढे आले तेव्हा सरांनी पेल्यावर तळहात ठेवला.

"माहीत आहे, तुम्ही घेत नाही. तुमच्यासाठी रस काढलाय."

"त्यांना सांग," सर म्हणाले, "शेजारी आल्याशिवाय मी पिणार नाही."

"सर, तुम्ही तशीही पीत नाही."

"ते भाषांतर करू नकोस. पुढे सांग, शेजारी आला तर पिईन."

मी सरांकडे बघतच राहिले. या माणसाने खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून परत केलेलं होतं. पण दुभाष्याने मत द्यायचं नसतं. मी सांगितलं. लाझारांनी सुरई खाली ठेवली.

"प्राध्यापक, हा आमच्या घरचा मामला आहे."

"मग माझ्या घरचा सांगतो," सर म्हणाले. त्यांचा हात कोटाच्या खिशाशी गेला होता. "सांगलीत माझ्या शेजारी आरवाडे म्हणून गृहस्थ राहतात. आमच्या मधल्या भिंतीवर एक नारळाचं झाड आहे. ते कोणाचं यावर आमचा कोर्टात दावा चालू आहे. इतकी वर्षं झाली की दावा लावला तेव्हाचा वकील गेला, आता त्याचा मुलगा चालवतो. मी एकटा राहतो. आत्ता माझ्या घराला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे असेल?"

"कोणाकडे?"

"आरवाडेकडे. आमच्याकडेही गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवतात. दावा कोर्टात, किल्ली शेजारी."

लाझारांनी भुवया उंचावल्या. "त्याने घर धुऊन नेलं तर?"

"शक्यच नाही. माझी एक वाटी जरी इकडची तिकडे झाली तर सगळी गल्ली त्याचंच नाव घेईल, हे त्याला पक्कं माहीत आहे. तो डोळ्यांत तेल घालून राखतो. किल्ली मी मित्राकडे दिली असती, तर आज माझ्या माजघरात पत्त्यांचा डाव पडला असता आणि पंखा चालू ठेवून सगळे घरी गेले असते. मित्राला काय, त्याला ठाऊक असतं मी रागावणार नाही. लाझारसाहेब, किल्ली विश्वासातल्या माणसाकडे ठेवायची नसते. जो आपल्याला सूट देणार नाही त्याच्याकडे ठेवायची असते."

मी जीव ओतून भाषांतर केलं. आरवाडे रशियनमध्येही झकास उतरले.

मग इरेनाने पाव ताटलीत ठेवला.

"बाबा, उद्याच्या कलमाला तुम्ही हो म्हणा. दुसरी सही असू द्या."

"आणि उद्या पंतप्रधान म्हणून असाच कोणीतरी प्रोकोप बसला तर? त्याच्या सहीसाठी मी थांबायचं?"

"हो."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "काल होता. आज कुलूप बघितलं."

लाझारांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या ताटाकडे बघावं लागलं. ते उठले. नवी किल्ली उचलली, टोपी घातली आणि बाहेर पडले. दार आपटलं नाही, हळू लावून घेतलं. त्यानेच इरेनाला रडू फुटलं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून खिडकीशी उभी राहिले. तिथून शेजारचं अंगण दिसत होतं. लाझार प्रोकोपच्या फाटकापर्यंत गेले आणि थांबले. टोपी काढली, परत घातली. घशाला काही झालेलं नसताना खोकले. तेवढ्यात अंगणातली एक शेळी लंगडत पुढे आली. लाझार आत शिरले ते सरळ शेळीकडे. गुडघे टेकून तिचा खूर हातात घेतला, चाकूने काहीतरी काढलं. घरातून एक वाळका म्हातारा चपला फरफटवत बाहेर आला आणि चार पावलांवर उभा राहिला. दोघं शेळीच्या पायाकडे बघत होते, एकमेकांकडे नाही. मग लाझार खाली बघूनच काहीतरी बोलले. म्हातारा आत गेला.

"झालं," इरेना म्हणाली. "नाही येत तो."

म्हातारा कोट घालून बाहेर आला.

दोघं आत आले तेव्हा मिरच्या थंडगार झाल्या होत्या. प्रोकोप कोटाची बटणं लावत दाराशीच थबकला. लाझारांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली आणि नवी किल्ली त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

"ही नवी दिसते," प्रोकोप म्हणाला.

"हो."

"जुनं कुलूप?"

"तोडलं."

प्रोकोपने कोटाच्या खिशातून काळीकुट्ट लोखंडी किल्ली काढली. "मग हिचं काय करू?"

लाझारांनी ती घेतली आणि हातात धरून ठेवली. "मी तुला माफ केलेलं नाही, प्रोकोप."

"मी मागितली नाही."

"बरं. ओत."

प्रोकोपने ओतलं. एक थेंब सांडला नाही. सरांनी पेला उचलला, डोळे मिटले आणि काढा घ्यावा तशी एका दमात वाइन संपवली. मग बराच वेळ छतावरची तुळई बघत बसले.

"कशी वाटली, विचारतायत," मी म्हटलं.

"सांग, हिच्यात कोणीतरी आहे."

सोमवारी लाझार समितीपुढे उभे राहिले. त्यांचं भाषण दोन वाक्यांचं होतं. "कुलूप कसंही बसवा. किल्ली शेजाऱ्याकडे राहू द्या." त्या देशात याहून जास्त कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. भराभर हात वर झाले. इरेनाने मतं मोजली आणि कागदात तोंड लपवलं. आमच्याबरोबर आलेल्या अमेरिकन तज्ज्ञाने मला विचारलं, ते काय बोलले? 'शेतीबद्दल होतं,' असं सांगून मी वेळ मारून नेली.

कलम पुढे उपयोगी पडलं. लाझार राष्ट्राध्यक्ष झाले. एका हिवाळ्यात संसदेने त्यांना छळ छळ छळलं, तेव्हा त्यांनी संतापाच्या भरात बरखास्तीच्या हुकमावर सही ठोकली. रणगाडेही तयार होते म्हणतात. पंतप्रधान त्यांना अजिबात न आवडणारा एक किरकिरा माणूस होता. त्याने सही केली नाही. लाझारांनी टेबलं बडवली, त्या भारतीय प्राध्यापकाचा उद्धार केला, आणि कागद खणात टाकला. पुढच्या निवडणुकीत पडले, आणि गावी जाऊन शेळ्या तपासू लागले. हे सगळं इरेनाने मला फोनवर सांगितलं. "हल्ली रोज प्रोकोपशी भांडतात," ती म्हणाली. "रोज." तिच्या आवाजात इतका आनंद होता की मीही वेड्यासारखी हसत सुटले.

पण ती हकिगत तिथे संपत नाही. निदान माझ्यासाठी.

दौऱ्याहून परतताना आम्ही मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. मला कोल्हापूरला जायचं होतं. पण सरांजवळ पुस्तकांची खोकी आणि लाझारांनी दिलेलं जात्याएवढं चीज होतं, म्हणून सकाळी त्यांच्याबरोबर सांगलीला उतरले. रिक्षा घरापाशी थांबली. भिंतीवर ते सुप्रसिद्ध नारळाचं झाड होतं. पलीकडच्या अंगणात धोतर आणि बंडी घातलेले एक गृहस्थ पाइपने झाडांना पाणी घालत होते.

"हेच ना आरवाडे? थांबा सर, मी किल्ली घेऊन येते."

"थांब," सर म्हणाले.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि बुटाच्या नाडीला बांधलेली एक किल्ली बाहेर काढली.

मी किल्लीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "ही दुसरी असेल. जादाची."

"एकच आहे."

"मग आरवाडे?"

"आरवाडेशी मी सात-आठ वर्षं बोललेलो नाही."

मला असा राग आला की चीज रस्त्यावर आपटावंसं वाटलं. "सर! मी ते शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. जीव तोडून. तिकडे एका देशाचं कलम उभं राहिलं त्याच्यावर!"

"तो युक्तिवाद होता, वृंदा."

"युक्तिवाद? तो बिचारा लाझार शेळीचे पाय धरून आला, तुमच्या युक्तिवादापायी!"

सर फाटक उघडून पायऱ्या चढले. किल्ली कुलपात घातली. मी पाठीमागे चीज घेऊन उभी. किल्ली फिरल्याचा आवाज काही येईना. सर तसेच उभे होते, हात कुलपावर ठेवून. मग त्यांनी किल्ली परत बाहेर काढली, पायऱ्या उतरले, माझ्याकडे न बघता भिंतीपाशी गेले आणि घशाला काही झालेलं नसताना खोकले.

आरवाड्यांनी पाइप खाली केला, पण मान वळवली नाही.

सरांनी वर नारळाकडे बघितलं. "झावळ्या पिवळ्या पडल्यात. मीठ घालायला हवं बुंध्यात."

"घातलंय की मागच्या महिन्यात," आरवाडे झाडालाच सांगितल्यासारखं म्हणाले. मग जरा थांबून, "कधी आलासा परदेशातनं?"

"हा काय, आत्ताच." सरांनी भिंतीवरून हात पुढे केला. "ही राहू द्या तुमच्याकडे."

"कशाची ओ ही?"

"घराची."

आरवाड्यांनी पहिल्यांदाच सरांच्या तोंडाकडे नीट बघितलं. नंतर माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चीजकडेही बघितलं. "आणि दावा?"

"दावा चालू राहील."

"मग ठीक हाय," आरवाडे म्हणाले. धोतराला हात पुसला, किल्ली घेतली, नाडी बोटाभोवती गुंडाळली आणि ती बंडीच्या खिशात टाकून वरून खिसा दोनदा चाचपला. मग पाइप उचलून पुन्हा पाणी घालायला लागले.

सर भिंतीपाशीच उभे. मी खोक्यांपाशी उभी. घराला कुलूप.

सरांनी पुन्हा एकदा घसा खाकरला.

"आरवाडे अण्णा," ते म्हणाले, "जरा किल्ली देता का?"